तंजावर

तमिळनाडू राज्यातील कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात वसलेले ऐतिहासिक शहर व जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. तमिळमध्ये त्यास तंजावूर म्हणतात. ते तिरुचिरापल्लीच्या पूर्वेस सुमारे ५५ किमी.वर आहे. कावेरी व तिच्या फाट्यांच्या पाण्यावर पिकणारा भात हा येथील संपत्तीचा आधार होता आणि राजवंश बदलले तरी मंदिरे, कवी व कलावंत यांना मिळणारा आश्रय प्रामुख्याने याच उत्पन्नातून चालत आला.

नवव्या शतकाच्या मध्यास विजयालय चोळाने मुत्तरैयर सरदारांकडून हे शहर घेतले. पहिल्या राजराजाने (कार. ९८५–१०१४) येथे बांधलेले शिवमंदिर १०१० मध्ये पूर्ण झाले. आज बृहदीश्वर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मंदिराचे ग्रॅनाइटमधील विमान (गाभाऱ्यावरील शिखर) सुमारे ६० मी. उंच असले, तरी इतिहासाच्या दृष्टीने त्याच्या भिंतींवरील लेख अधिक मोलाचे ठरतात. देवालयास दिलेली गावे, दागिने व दिवे यांबरोबरच सेवेसाठी आणवलेल्या ४०० नर्तकींची नावे व त्यांना नेमून दिलेली घरेही त्यांत नोंदलेली आहेत. पहिल्या राजेंद्राने राजधानी गंगैकोंडचोळपुरम् येथे हलविल्यावर शहराचे राजकीय महत्त्व उतरले आणि तेराव्या शतकात पांड्यांच्या हल्ल्यात त्याची नासधूस झाली.

सोळाव्या शतकात विजयानगरचे मांडलिक म्हणून नायक घराणे येथे आले. तमिळ प्रदेशातील या दरबारात तेलुगू काव्य व यक्षगान (गीत-नृत्यप्रधान नाट्यप्रकार) बहरले. मदुरेच्या नायकाने १६७३ मध्ये विजयराघव नायकाचा पराभव केल्यानंतर त्याच्या वारसाला गादी मिळवून देण्यासाठी विजापूरकरांनी शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी (एकोजी) यांना पाठविले. मात्र लवकरच व्यंकोजींनी राज्य स्वतःच्याच ताब्यात घेतले. त्यांच्या वंशाची सत्ता १८५५ पर्यंत टिकली.

भोसल्यांनी आधीच्या दरबाराची तेलुगू परंपरा मोडली नाही. तिच्या शेजारी मराठी आणून बसवली. शाहजी राजे (कार. १६८४–१७१२) यांनी तेलुगूत तसेच मराठीतही नाटके रचली. मराठी नाटकाचा इतिहास सांगली येथे १८४३ मध्ये झालेल्या विष्णुदास भावे यांच्या नाट्यप्रयोगापासून सुरू करण्याची महाराष्ट्रातील सवय त्यामुळे काहीशी अपुरी वाटते. याच राजाच्या मुदपाकखान्यात सांबार जन्मल्याची कथा आवडीने सांगितली जाते, पण तिला समकालीन आधार नाही. रामदासी मठांतून आलेली मराठी कीर्तनपद्धती पुढे तमिळ हरिकथेत मुरली. तंजावर कृष्ण भागवतर यांच्या आख्यानांत तिचा ठसा स्पष्ट होता.

दुसरे सरफोजी (कार. १७९८–१८३२) गादीवर येताच, १७९९ च्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि राजांकडे किल्ला व लगतचा परिसर एवढीच सत्ता उरली. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेल्या सरफोजींनी आपली शक्ती ग्रंथसंग्रह, वैद्यक, संगीत व मुद्रण यांकडे वळविली. नायककालीन ग्रंथसंग्रहाचा त्यांनी मोठा विस्तार केला. काशीयात्रेतही हस्तलिखिते मिळविली. इसापनीतीचे मराठी भाषांतर तंजावर येथे १८०६ मध्ये छापले गेले. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर त्यांनी १८०३ मध्ये भोसले वंशाचा विस्तृत इतिहास मराठीत कोरविला. राजराजाच्या लेखांप्रमाणेच हाही दगडावर लिहिलेला दरबारी इतिहास असल्याने त्यातील वंशगौरव वेगळा काढूनच तो वाचावा लागतो.

चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलू या बंधूंनी याच काळात नृत्याच्या सादरीकरणाला जो क्रम दिला, तो भरतनाट्यमच्या रंगमंचीय मांडणीचा पाया ठरला. सोन्याचा वर्ख व खडे जडविलेली तंजावर चित्रशैली आणि फणसाच्या लाकडाची वीणा हीदेखील शहराची ओळख आहे.

दुसरे शिवाजी १८५५ मध्ये औरस पुत्राविना वारले व कंपनीने गादी खालसा केली. सरफोजींनी वाढविलेला ग्रंथसंग्रह म्हणजेच सरस्वती महाल ग्रंथालय १९१८ मध्ये लोकांसाठी खुले झाले. संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी हस्तलिखितांसोबत तेथे मोडी दप्तरांचा मोठा साठा असून, दरबाराच्या दैनंदिन व्यवहाराचा इतिहास लिहिण्यासाठी तोच मुख्य साधन आहे. बृहदीश्वर मंदिराचा १९८७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.