कंटेनर शोधायला गेलो, सापडली प्रोसेस

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्याचं ऑफिस डोळ्यांसमोर आणा. कोपऱ्यात एक लिनक्स कॉम्प्युटर. त्यावर काही वर्षांपूर्वी कुणीतरी करून दिलेला हिशेबाचा प्रोग्राम चालतो, आणि त्याला पायथन या प्रोग्रामिंग भाषेची जुनी आवृत्ती लागते. आता मालकांच्या इंजिनिअरिंगला असलेल्या पुतण्यानं ऑर्डरींचं रजिस्टर लिहिलंय : कुठल्या पार्टीचे किती डझन, कुठल्या रंगाचं सूत, गाडी कधी निघाली. त्याला पायथन नवं हवं, लायब्रऱ्या (म्हणजे आयता मिळणारा कोड) त्याही नव्या. नवं बसवलं की हिशेब बंद पडतो, जुनं ठेवलं की रजिस्टर उघडत नाही. एकाची समजूत काढावी तर दुसरा रुसतो.

यावरचा आजचा रूढ उपाय म्हणजे कंटेनर. प्रत्येक प्रोग्रामला त्याचं पायथन, त्याच्या लायब्रऱ्या, त्याच्या फायली वेगळ्या बांधून द्यायच्या आणि दोन्ही प्रोग्राम एकाच कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी चालवायचे. त्यासाठी डॉकर आणि पॉडमन ही दोन साधनं सर्वांत जास्त वापरली जातात. बटणं दाबून काम करायची सोयही दोघांना आहे. पण शिकणाऱ्यानं आधी काळ्या टर्मिनलवरच बसावं, असं माझं ठाम मत आहे. बटणांमुळे कंटेनर ही एक बंद वस्तू वाटते. टर्मिनलवर दोन-चार कमांड दिल्या की हा समज गळून पडतो.

सुरुवात एका साध्या मजकुराच्या फाईलनं होते. तिला कंटेनरफाईल किंवा डॉकरफाईल म्हणतात. पहिली ओळ ‘फ्रॉम’ : पाया म्हणून कोणती तयार इमेज, म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या फायलींचं बांधलेलं गाठोडं, घ्यायची. मग ‘कॉपी’ : आपल्या फायली आत न्यायच्या. मग ‘रन’ : लायब्रऱ्या बसवायच्या. शेवटी ‘सीएमडी’ : सुरू झाल्यावर काय चालवायचं. त्या फोल्डरमध्ये उभं राहून ‘पॉडमन बिल्ड’ म्हटलं की ओळीमागून ओळ अमलात येते आणि इमेज तयार होते. डॉकर वापरत असाल तर ‘पॉडमन’च्या जागी ‘डॉकर’ लिहा. रोजच्या कमांड जवळजवळ सारख्याच आहेत.

इमेज म्हणजे काय, हे सोलापूरकराला जॅकार्डच्या मागावरून चटकन कळेल. चादरीची नक्षी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेत असते. एक पुठ्ठा म्हणजे बाण्याचा एक धागा; जिथे भोक, तिथला हूक ताण्याचा धागा वर उचलतो. माळ उतरवून तशाच दुसऱ्या मागावर चढवली की तीच नक्षी विणून येते. इमेज ही ती माळ आणि लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा सगळे प्रोग्राम चालवणारा गाभा, हा माग. अडचणही तीच : जेवढ्या हुकांच्या जॅकार्डसाठी माळ पंच केली, तेवढ्याच हुकांचं जॅकार्ड लागतं. इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरसाठी बांधलेली इमेज रास्पबेरी पायसारख्या एआरएम प्रोसेसरवर नेली तर बहुधा ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ एवढंच उत्तर मिळतं. बांधतानाच ‘प्लॅटफॉर्म’ हा पर्याय द्यावा लागतो. ही तुलना मात्र इथेच सोडून देऊ. मागावर एका वेळी एकच माळ चढते. कर्नल शेकडो प्रोग्राम एकाच वेळी सांभाळतो, आणि खरी गंमत तिथेच आहे.

इमेज एकसंध नसते, ती थरांची असते. फायली बदलणाऱ्या प्रत्येक ओळीचा एक थर, आणि आतल्या मजकुरावरून काढलेला ६४ अक्षर-अंकांचा एसएचए-२५६ ठसा ही त्या थराची ओळख. पुन्हा बांधताना एखादी ओळ आणि तिच्यात वापरलेल्या फायली बदललेल्या नसतील तर जुनाच थर वापरला जातो. पण एक थर बदलला की त्याच्या पुढचे सगळे नव्यानं करावे लागतात. म्हणून ओळींचा क्रम महत्त्वाचा. आधी फक्त लायब्रऱ्यांची यादी आत न्या, लायब्रऱ्या बसवा आणि आपला कोड सगळ्यात शेवटी न्या. उलट केलंत तर रजिस्टरमधलं एक शुद्धलेखन सुधारलं तरी सगळ्या लायब्रऱ्या पुन्हा नेटवरून उतरतील. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्याला हा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

आता चालवून बघू. अल्पाइन नावाची एक इवलीशी लिनक्स इमेज आहे, दहा एमबीपेक्षाही लहान. ‘पॉडमन रन’ला ती द्या आणि आत ‘स्लीप १०००’ चालवायला सांगा, म्हणजे हजार सेकंद नुसतं झोपून राहायचं. ‘पॉडमन एक्झेक’नं आत शिरून ‘पीएस’ विचारा, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामांची, अर्थात प्रोसेसची, यादी मिळेल. यादीत स्लीपचा प्रोसेस क्रमांक १ दिसेल, आणि सोबत तुमची ‘पीएस’. बाकी कुणी नाही. जणू अख्ख्या कॉम्प्युटरवर हे दोघंच. मग बाहेर, दुसऱ्या टर्मिनलवर ‘पीएस’ विचारा. तीच स्लीप तिथे इतर शेकडो प्रोसेसच्या गर्दीत उभी असते, भल्यामोठ्या क्रमांकासह आणि तुमच्याच नावावर. आत आणि बाहेर ‘युनेम -आर’ विचारलंत तर दोन्हीकडे कर्नलची आवृत्ती अक्षरशः एकच येते. आत दुसरा कॉम्प्युटर नाही, दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम सुरू झालेली नाही. नेहमीचीच एक प्रोसेस आहे, फक्त तिला जग कमी दिसतं.

लिनक्सच्या कर्नलमध्ये कंटेनर नावाची वस्तूच नाही. आहेत त्या दोन वेगळ्या सोयी. एक नेमस्पेस : प्रोसेसला काय दिसावं, हे त्या ठरवतात. फायलींचं झाड, प्रोसेसची यादी, नेटवर्क, यंत्राचं नाव, वापरकर्त्यांचे क्रमांक, प्रत्येकाची नेमस्पेस वेगळी. दुसरी सीग्रुप : प्रोसेसनं किती वापरावं, याची मर्यादा. पॉडमन किंवा डॉकर या सोयी जुळवून आणतात, एवढंच. खात्री करायची तर दोन्ही बाजूला ठेवा आणि ‘अनशेअर’ ही लिनक्सची साधी कमांड ‘फोर्क’, ‘पिड’ आणि ‘माउंट-प्रॉक’ या पर्यायांसह सुडो लावून, म्हणजे रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या हक्कानं, चालवा. जे शेल, म्हणजे कमांड घेणारा प्रोग्राम, उघडेल त्यात स्वतःचा क्रमांक १ दिसेल. अर्धा कंटेनर तुम्ही हातानं बनवलात.

ही कल्पना नवी नाही. युनिक्समध्ये प्रोसेसला फायलींचा एक कोपराच सगळं जग म्हणून दाखवणारं ‘सीएचरूट’ १९७९ मध्ये आलं. युनिक्सच्याच वंशातल्या फ्रीबीएसडी या सिस्टिमचे ‘जेल’ २००० मध्ये आले. गूगलच्या इंजिनिअरांनी २००६ मध्ये सुरू केलेलं सीग्रुपचं काम २००८ च्या सुरुवातीला लिनक्समध्ये दाखल झालं. मग मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी पायथनच्या पायकॉन परिषदेत जेमतेम पाच मिनिटांत डॉकर दाखवलं. यंत्रणा बहुतेक जुनीच होती. थरांची इमेज आणि लक्षात राहतील अशा कमांड यांनी बाजी मारली. २०१५ मध्ये इमेजचा आणि ती चालवण्याचा सामाईक आराखडा ठरवायला ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह स्थापन झालं, म्हणून आज डॉकरनं बांधलेली इमेज पॉडमन चालवतो.

झोपलेल्या त्या स्लीपकडे परत जाऊ. तिला ‘पॉडमन स्टॉप’ म्हणा. लगेच थांबणार नाही. साधारण दहा सेकंद टर्मिनल गप्प बसेल, मग काम होईल. नवशिक्यांना वाटतं कॉम्प्युटर अडकला. खरं कारण क्रमांक १ मध्ये आहे. युनिक्समध्ये एक नंबरची प्रोसेस म्हणजे सगळ्यांची मूळ; ती चुकून मरू नये म्हणून कर्नल तिला संरक्षण देतो. ‘थांब’ असा सौम्य सिग्नल, सिगटर्म, आला आणि त्याचं काय करायचं हे त्या प्रोग्राममध्ये लिहिलेलंच नसेल, तर कर्नल तो सिग्नल सोडून देतो. नेमस्पेसमुळे स्लीपला एक नंबर मिळाला, तसं ते संरक्षणही मिळालं. पॉडमन दहा सेकंद वाट बघतो आणि मग सिगकिल, म्हणजे सक्तीनं मारणारा सिग्नल, पाठवतो. बाहेरून आलेला तो मात्र कुणालाही टाळता येत नाही. ‘रन’ करताना ‘इनिट’ हा पर्याय दिला तर एक नंबरला सिग्नल समजणारा छोटा प्रोग्राम बसतो आणि ही वाट बघणं संपतं.

मेमरीची मर्यादाही अशीच तपासता येते. ‘मेमरी’ या पर्यायानं २५६ एमबी ठरवून दिली आणि आतला प्रोग्राम हावरटासारखा त्यापुढे गेला, तर कर्नल त्याला मारतो आणि कंटेनर १३७ हा, का थांबला ते सांगणारा आकडा मागे ठेवून जातो. १२८ अधिक ९. नऊ हा सिगकिलचा क्रमांक.

विंडोजवर आणि मॅकवर लिनक्सचा कर्नल नसतो, म्हणून तिथे हीच साधनं आधी गुपचूप एक छोटं आभासी लिनक्स यंत्र सुरू करतात.

इमेज कारखान्यात पोचवायला नेट असलंच पाहिजे असं नाही. ‘पॉडमन सेव्ह’ इमेजची एक फाईल करून देतं. पेनड्राइव्हवर न्या आणि तिकडे ‘पॉडमन लोड’ करा. फक्त पाया जपून निवडा. पायथनची पूर्ण इमेज एक जीबीच्या घरात जाते, तिचीच ‘स्लिम’ आवृत्ती शे-दीडशे एमबीत बसते. आणि ‘लेटेस्ट’ या खुणेवर विसंबू नका. आजचं लेटेस्ट आणि सहा महिन्यांनंतरचं लेटेस्ट सारखं असेल याची हमी कुणी देत नाही; आवृत्तीचा आकडा लिहावा.

ऑर्डरींचा डेटा मात्र कंटेनरच्या आत ठेवायचा नाही. चालताना झालेले बदल सगळ्यात वरच्या एका तात्पुरत्या थरात जातात, आणि कंटेनर काढून टाकला की तो थरही जातो. ‘व्हॉल्यूम’ या पर्यायानं बाहेरचा एक फोल्डर आत जोडून द्यायचा आणि डेटाबेस तिथे ठेवायचा. बॅकअप त्या फोल्डरचा घ्यायचा.

डॉकर की पॉडमन, हे मी या ऑफिसपुरतं सांगतो : पॉडमन. डॉकरची सेवा, म्हणजे मागे चालणारा प्रोग्राम, सहसा रूट म्हणून सतत चालू असते, आणि डॉकरच्या ग्रुपमध्ये एखाद्याला टाकणं म्हणजे त्याला रूटच्या किल्ल्या देणं. कर्नल सामाईक असल्यानं ही भीती पुस्तकी नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये रनसी या, कंटेनर सुरू करून देणाऱ्या प्रोग्राममध्ये एक भोक सापडलं. त्यातून आतला रूट बाहेरची रनसी फाईलच बदलू शकत होता. पॉडमन साध्या वापरकर्त्याच्या नावानं चालतो, आणि आतला रूट बाहेर तोच साधा वापरकर्ता असतो.

त्याची किंमत एकच. मागे सतत जागी असणारी सेवा नसल्यामुळे लाईट जाऊन आली आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला, तरी कंटेनर आपोआप उठत नाही. ते काम सिस्टिमडीकडे, म्हणजे लिनक्समधल्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामकडे, द्यावं लागतं. पॉडमन ४.४ पासून त्यासाठी क्वाडलेट नावाची चार-पाच ओळींची फाईल पुरते. सोबत त्या वापरकर्त्यासाठी ‘लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर’ एकदा चालवून ठेवायचं, नाहीतर कुणी लॉगिन करेपर्यंत रजिस्टर बंदच राहील.