मग कुत्रा आला. पण कुठून?

मुलांनी लिहिलेल्या गोष्टी वाचताना असा प्रश्न हमखास पडतो. तो का पडतो, ते एका जुन्या खेळात दिसतं. दोन मुलं समोरासमोर बसली आहेत, मध्ये पडदा. दोघांपुढे ठोकळ्यांचे सारखेच संच. प्रत्येक ठोकळ्यावर एक वेडंवाकडं चित्र, ज्याला काही नावच देता येणार नाही असं. एकाने ठोकळा उचलून त्याचं वर्णन करायचं आणि ते ऐकून पलीकडच्याने नेमका तसाच ठोकळा काढायचा. सॅम ग्लक्सबर्ग आणि रॉबर्ट क्राउस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात हा खेळ लहानांकडून आणि मोठ्यांकडूनही खेळून घेतला. मोठ्यांना तो फारसा जड गेला नाही. लहान मुलं मात्र 'आईची टोपी', 'बाबांचा शर्ट' अशी वर्णनं करत. कुणाच्या आईची? कसली टोपी? पलीकडच्याला काय कपाळ कळणार!

खरी गंमत पुढेच आहे. मुलाने केलेलं वर्णन नंतर त्यालाच ऐकवलं की तो ठोकळा बरोबर काढायचा. म्हणजे वर्णन निरर्थक नव्हतं, फक्त ते जगात एकाच माणसाला कळेल असं होतं.

संवादकौशल्य म्हटलं की आपल्याकडे पालकांच्या डोळ्यांसमोर माईक येतो. मूल धीटपणे उभं राहिलं, न अडखळता बोललं, की झालं. ठोकळ्यांच्या खेळातली मुलंही धीटच होती आणि अडखळतही नव्हती. त्यांचं घोडं अडलं ते दुसऱ्याच ठिकाणी: मला जे माहीत आहे ते समोरच्याला माहीत नाही, हे बोलताना त्यांच्या ध्यानात राहत नव्हतं.

ही जाण वयाबरोबर येते. हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर या मानसशास्त्रज्ञांचा १९८३ सालचा प्रयोग त्यासाठी प्रसिद्ध आहे. माक्सी नावाचा मुलगा चॉकलेट निळ्या कपाटात ठेवून खेळायला जातो. त्याच्यामागे आई ते हिरव्या कपाटात हलवते. परत आल्यावर माक्सी चॉकलेट कुठे शोधेल? तीन-चार वर्षांच्या एकाही मुलाने निळं कपाट दाखवलं नाही. चार ते सहा वयोगटात ५७ टक्के मुलांनी आणि सहा ते नऊ वयोगटात ८६ टक्के मुलांनी बरोबर उत्तर दिलं. चॉकलेट खरं कुठे आहे ते बाजूला ठेवून माक्सीच्या डोक्यात शिरणं लहानग्यांना जमत नाही.

आता हा प्रयोग म्हणजे मुळात एक गोष्टच आहे, हे लक्षात घ्या. आणि गोष्ट नुसती ऐकायची नसून लिहायची असेल, तर काम दुप्पट होतं. पात्राला काय ठाऊक आहे ते सांभाळायचं, आणि वाचणाऱ्याला आपण आतापर्यंत काय सांगितलं आहे तेही सांभाळायचं. वाचणारा तर समोरही नाही. त्याचा चेहरा बघून 'अरे, याला कळलं नाही वाटतं' असं म्हणायची सोय नाही.

त्यामुळे तोंडी परीक्षेत माक्सीचं उत्तर अचूक देणारी तिसरी-चौथीतली मुलं कागदावर पुन्हा 'आईच्या टोपी'वर येतात. समजा, एखादीने लिहिलं: 'एक मुलगी होती. ती मामाच्या गावाला गेली. मग कुत्रा आला. मग ती पळाली. मग सगळे हसले. मग ती घरी आली.' कार्ल बेराइटर आणि मार्लिन स्कार्डामालिया या कॅनडात काम करणाऱ्या संशोधकांनी १९८० च्या दशकात अशा लेखनाचा बारकाईने अभ्यास केला. नवखा लेखक जे आठवेल ते आठवेल त्या क्रमाने उतरवतो आणि आठवायचं संपलं की थांबतो. मुरलेला लेखक मात्र वाचणाऱ्याचा विचार करून मजकूर हलवतो, कापतो, मागचं पुढे करतो.

या दोघांमधली वाट कशी चालायची? या गोष्टीखाली लाल शाईने 'छान! अक्षर सुधार' लिहून काहीच होत नाही. 'कुत्रा कुठून आला?' आणि 'सगळे म्हणजे कोण?' असे दोन प्रश्न विचारा. दुसरा प्रश्न जास्त मोलाचा. सगळे म्हणजे मामेभाऊ असतील, तर ते का हसले? कुत्रा त्यांच्या ओळखीचा होता, तो चावत नाही हे त्यांना माहीत होतं आणि तिला नव्हतं. एवढं लिहिताना ती पोर एकाच प्रसंगाकडे दोन बाजूंनी बघते. भावंडं दुष्ट नव्हती, पण आपल्याला राग आला हेही खरं, आणि दोन्ही एकाच पानावर मावतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात जी दहा जीवनकौशल्यं सांगितली, त्यांत समानुभूती (दुसऱ्याच्या जागी जाऊन त्याचं मन समजून घेणं), भावनांना तोंड देणं आणि परिणामकारक संवाद आहेतच. ती तक्त्यावर लिहून भिंतीला लावण्यापेक्षा हा कुत्रा बरा.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं काय? शिकागो विद्यापीठाच्या 'लॅबोरेटरी स्कूल्स' या शाळेत बालवाडीच्या शिक्षिका असलेल्या व्हिव्हियन पेली यांनी त्यावर सोपा उपाय काढला. मूल गोष्ट सांगणार, बाई ती त्याच्याच शब्दांत उतरवून घेणार आणि नंतर वर्ग ती करून बघणार. कोणती भूमिका आपण करायची ते लेखक ठरवणार. गोष्ट दुसऱ्याला कळली की नाही, याचा पुरावा इथे ताबडतोब मिळतो. 'मग राक्षसाने त्याला पकडलं' म्हटल्यावर नेमकं कुणी कुणाला पकडायचं ते कळेना, की लेखकालाच पुढे येऊन सांगावं लागतं. या कामासाठी पेलींना १९८९ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप हा अमेरिकेतला मोठा सन्मान मिळाला.

ही पद्धत खरंच उपयोगी पडते का, हे मानसशास्त्रज्ञ अगेलिकी निकोलोपुलू यांच्या गटाने अमेरिकेतल्या कमी उत्पन्न गटांतल्या १४९ मुलांवर तपासलं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सहा वर्गांत वर्षभर हा उपक्रम चालला, सात वर्गांत नाही. उपक्रमातल्या मुलांची गोष्टीची समज वाढली, स्वतःला आवरणं सुधारलं, खेळात मोडता घालणं कमी झालं. जी मुलं जास्त वेळा गोष्टी सांगत, त्यांच्यात बहुतेक फायदे अधिक दिसले. अर्थात हा एकच अभ्यास आणि मोजकीच मुलं. कथेच्या बाबतीत संशोधकही कधीकधी भाळतात. साहित्यिक कथेचा छोटा उतारा वाचला की दुसऱ्याचं मन लगेच चांगलं ओळखता येतं, असं २०१३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात छापून आलं आणि जगभर गाजलं. पुढे इतरांनी प्रयोग पुन्हा केले तेव्हा तो परिणाम काही हाती लागला नाही. वर्षभराच्या सरावाची आणि दहा मिनिटांच्या वाचनाची गल्लत करू नये ती यासाठी.

आपल्याकडे याला जागा मुळातच आहे. मराठीच्या पेपरात कथालेखन असतं, 'फाटक्या पुस्तकाचे मनोगत' तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. कल्पना उत्तम: पुस्तकाच्या जागी बसून बोलायचं. पण क्लासमध्ये तयार उतारा मिळतो आणि राज्यभरातली फाटकी पुस्तकं एकाच सुरात रडतात. कथालेखनाचंही तेच. मुद्दे आधीच दिलेले आणि शेवटी तात्पर्य हवंच. तात्पर्य आधी ठरलं की पात्राला निवड उरत नाही, आळशी मुलगा फजीत होणार हे पहिल्या ओळीलाच कळतं. माझं मत विचाराल तर निदान सातवीपर्यंत गोष्टीखालचं तात्पर्य काढून टाकावं.

पन्नास मुलांच्या वर्गात एकेकाला प्रश्न विचारत बसायला बाईंना वेळ नसतो, हे खरंच. मग वह्यांची अदलाबदल करा. शेजारच्याने वाचायचं, जिथे कळलं नाही तिथे पेन्सिलने एकच प्रश्न लिहायचा आणि वही परत द्यायची. उत्तर तोंडी द्यायचं नाही, गोष्टीतच घालायचं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका त्यानंतरच्या फेरीत.