हॅडलीचा घंटावाल्यांचा कुंभ: पूजेचा नव्हे, बिअरचा

चर्चच्या घंटावाल्यांचे जुने मोठे कुंभ म्हणजे पवित्र द्राक्षारसाची पात्रे, हा समज चुकीचा आहे. इंग्लंडमधल्या सफक परगण्यातल्या हॅडलीचा 1715 चा कुंभच पाहा. तपकिरी झिलईच्या मातीचा, 16 क्वार्ट, म्हणजे सुमारे 18 लिटर मावणारा. त्यावर 8 घंटावाल्यांची नावे आहेत आणि ताकीद: मला उसने देऊ नका, स्वच्छ ठेवा, काठोकाठ भरा, तेही कडक बिअरने, पातळ नको. इतका स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो!

भरल्यावर नुसती बिअरच 18 किलोंवर भरते; तो तोंडाला लावणे अवघडच, पेल्यांत ओतायचा. घंटा वाजवताना तर पिणे अशक्य, दोन्ही हात दोरात. त्याच वर्षी इंग्लंडमधल्याच नॉरिचला 5040 फेरांचे (दर फेरीला घंटांचा क्रम बदलतो) वादन 3 तास 18 मिनिटे चालले. घसा कोरडा पडणारच.