फ्लेम्स : नावजुळणीच्या खेळाचे प्रोग्रामिंग

फ्लेम्स हा दोन नावांतली समान अक्षरे खोडून, उरलेल्या अक्षरांच्या संख्येवरून दोघांचे नाते ‘काढण्याचा’ खेळ. वहीच्या शेवटच्या पानावर पेनाने खेळला जाणारा हा खेळ महाराष्ट्रासह भारतभरच्या शाळकरी मुलांना ठाऊक असतो. एफ, एल, ए, एम, ई, एस ही सहा अक्षरे अनुक्रमे मैत्री, प्रेम, आपुलकी, लग्न, शत्रुत्व आणि भावंड यांच्यासाठी असतात. प्रोग्रामिंग शिकू लागलेल्यांना हा खेळ फार सोयीचा पडतो. स्ट्रिंग (अक्षरांची माळ), लिस्ट (यादी), लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणे), अट आणि बाकी काढण्याची क्रिया एवढे सगळे पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या वीस-पंचवीस ओळींत हाताखालून जाते, आणि उत्तर बरोबर आले का ते कागदावर पडताळता येते.

खेळाचे दोन भाग आहेत. पहिला खोडाखोडीचा. स्नेहा आणि महेश ही नावे रोमन लिपीत लिहिली, तर पहिल्यात एस, एन, ई, एच, ए आणि दुसऱ्यात एम, ए, एच, ई, एस, एच अशी अक्षरे येतात. एकास एक या हिशेबाने एस, ई, एच, ए या चार जोड्या कटतात. स्नेहाचा एन, महेशचा एम आणि त्याचा दुसरा एच उरतो. शिल्लक ३.

दुसरा भाग मोजणीचा. फ्लेम्सची सहा अक्षरे गोलात मांडायची आणि, शिल्लक ३ असल्याने, दर तिसरे बाद करायचे. पुढची मोजणी बाद झालेल्याच्या लगतच्या अक्षरापासून. पहिल्या फेरीत ए जाते, मग एस, मग एम, मग एल, शेवटी ई. उरते एफ, म्हणजे मैत्री. गणितात हाच ‘जोसेफस प्रश्न’. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार फ्लेव्हियस जोसेफस याच्यावरून हे नाव पडले.

प्रोग्राममध्ये पायथॉनच्या तयार आज्ञा वापराव्यात: इनपुटने नावे घ्यावीत, लोअरने सगळी अक्षरे लहान (स्मॉल) लिपीत आणावीत आणि रिप्लेसने मोकळ्या जागा काढाव्यात. मग पहिल्या नावाचे एकेक अक्षर दुसऱ्यात शोधावे. सापडले तर दोन्हीकडचे एकेकच काढावे. मोजणीसाठी सहा अक्षरांची लिस्ट आणि शून्यापासून सुरू होणारे ‘स्थान’ पुरते. बाद करायची जागा अशी काढतात: स्थान अधिक शिल्लक वजा १, या बेरजेला लिस्टच्या त्या वेळच्या लांबीने भागून येणारी बाकी. तिथले अक्षर काढायचे, तीच जागा नवे स्थान धरायची, आणि एक अक्षर उरेपर्यंत हेच करत राहायचे. पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलची, म्हणजे किंमत साठवणाऱ्या घटकांची, नावे देवनागरीत चालतात, त्यामुळे ‘स्थान’ आणि ‘शिल्लक’ हेच शब्द थेट कोडमध्ये लिहिता येतात.

चुका होतात त्या बहुतेक खोडाखोडीत. अक्षरेही रिप्लेसनेच काढताना त्याला तिसऱ्या जागी ‘एकदाच बदल’ सांगणारा १ दिला नाही, तर महेशचे दोन्ही एच एकदम उडतात. शिल्लक २ होते आणि मैत्रीची जागा शत्रुत्व घेते. अक्षरांचा सेट करून फरक काढणाऱ्यांचेही असेच होते, कारण सेटमध्ये एक अक्षर एकदाच राहते. मोजणीच्या सूत्रातला ‘वजा १’ विसरला, तर प्रत्येक फेरीत एक घर जास्त मोजले जाते आणि ३ ला ४ चे उत्तर मिळते. तेही शत्रुत्वच.

याहून वाईट त्या चुका, ज्या उत्तरात दिसतच नाहीत. ज्या लिस्टवर लूप फिरतो आहे तिच्यातूनच अक्षर काढले की पुढचे अक्षर सरकून मागे येते आणि लूप त्याला ओलांडून जातो. स्नेहाच्या नावात नेमका एच असा सुटतो. तो आणि महेशमधला त्याचा जोडीदार दोन्ही न कटता उरतात आणि शिल्लक ५ येते. लोअर न वापरता फक्त पहिल्या नावाचा एस मोठ्या लिपीत ठेवला तरी शिल्लक ५ च. आणि ५ चे उत्तर पुन्हा मैत्री! पडद्यावर उत्तर बरोबर, आतला हिशेब चुकलेला. म्हणून तपासताना नाते छापून भागत नाही, शिल्लक आकडा आणि उरलेली अक्षरेही छापायलाच हवीत. खात्रीचा मार्ग म्हणजे प्रत्येक अक्षर दोन्ही नावांत किती वेळा येते ते मोजून त्या संख्यांतील फरकांची बेरीज घेणे. त्यात लिस्टमधून काही काढावेच लागत नाही.

मोजणीचा भाग वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवला तर तो स्वतंत्रपणे तपासता येतो. १ ला भावंड. २, ४, ७ आणि ९ ला शत्रुत्व. ३ आणि ५ ला मैत्री. ६ आणि ११ ला लग्न. ८ आणि १२ ला आपुलकी. १० ला प्रेम. ६० नंतर हीच उत्तरे पुन्हा पहिल्यापासून येतात, कारण बाकी काढताना लिस्टची लांबी ६ वरून २ पर्यंत उतरते आणि २ ते ६ या आकड्यांचा लसावि ६० आहे.

रमा आणि अमर ही जोडी तर चाचणीत हवीच. रोमन लिपीत दोन्ही नावांची अक्षरे तीच, फक्त क्रम वेगळा. सगळी कटतात आणि शिल्लक शून्य. पायथॉन इथे तक्रार करत नाही. स्थान उणे होते, बाकी काढल्यावर ते लिस्टच्या शेवटी जाते, शेवटून एकेक अक्षर गळते आणि ‘मैत्री’ छापली जाते. शून्याची अट मोजणीच्या आधी घालून आडनावासह नाव पुन्हा विचारणे बरे.

नावे देवनागरीत घेतली की खरा प्रश्न उभा राहतो: अक्षर कशाला म्हणायचे? लांबी सांगणारे लेन फंक्शन युनिकोडचे संकेत, म्हणजे संगणकात प्रत्येक वर्णखुणेला दिलेले क्रमांक, मोजते. त्याच्या लेखी ‘स्नेहा’ सहा घटकांचे आहे: स, हलन्त, न, एकाराची मात्रा, ह, काना. ‘महेश’ चार घटकांचे. त्यातला ह आणि मात्रा कटून शिल्लक ६, म्हणजे लग्न. फक्त व्यंजने धरली तर शिल्लक ४, शत्रुत्व. आपण उच्चारतो तशी स्ने, हा आणि म, हे, श अशी अक्षरे धरली तर एकही कटत नाही. शिल्लक ५, मैत्री. मराठी खेळाडूला तिसरी रीत आपली वाटते. मात्रा, अनुस्वार किंवा हलन्त आला, किंवा आधीचा घटक हलन्त असला, तर नवा घटक मागच्या अक्षराला चिकटवायचा. नाहीतर नवे अक्षर सुरू करायचे. एवढ्या नियमावर बहुतेक नावे नीट फुटतात.

‘कऱ्हाडे’ मात्र अडते. त्यातला अर्धा र काही कीबोर्ड ऱ आणि हलन्त असा लिहितात, तर काही र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक (पडद्यावर न दिसणारी खूण) असा. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण दुसऱ्या प्रकारात हलन्तानंतर जोडक येतो आणि ह पुढचे वेगळे अक्षर ठरतो; तीनाऐवजी चार अक्षरे मोजली जातात. र, हलन्त, जोडक हे त्रिकूट सापडले की त्याजागी ऱ आणि हलन्त घालावेत, आणि हे काम अक्षरे पाडण्याच्या आधी करावे.