आवाजामुळे स्वीडिश नटांची कारकीर्द बुडाली?

बोलपट आले आणि स्वीडिश उच्चारांमुळे हॉलिवूडमधल्या स्वीडिश नटांची कारकीर्द संपली, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ऐकायला पटतं, पण खरं नाही.

बोलपटांचं युग सुरू करणाऱ्या 1927 च्या ‘द जॅझ सिंगर’मध्ये नायकाच्या वडिलांची भूमिका करणारा नट स्वीडनमध्येच जन्मला होता. 1930 च्या ‘अ‍ॅना क्रिस्टी’त तर नायिकाच स्वीडिश वंशाची. तिथे अभिनेत्रीचा स्वीडिश उच्चार भूमिकेला शोभलाच, आणि तिचा आवाज हेच जाहिरातीचं मुख्य आकर्षण ठरलं!

काही जण मायदेशी परतले, हे खरं. पण परतणं म्हणजे संपणं नव्हे. त्यांच्यापैकी अनेकांचं मूळ घर स्टॉकहोमची रंगभूमी होती.

पडताळायचं असेल, तर कोणत्याही नटाची 1930 नंतरच्या चित्रपटांची यादी पाहा, आणि शेजारी नाटकांचीही. नुसत्या अमेरिकी यादीत अर्धं आयुष्य दिसतच नाही.