शॉवरला फोर्स का येत नाही?

"टाकी मोठी बसवा साहेब, फोर्स येतो." जुळे सोलापुरातल्या आमच्या घराचा शॉवर ठिबकायला लागला, तेव्हा प्लंबरने दिलेला हा सल्ला. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, त्यामुळे मोठी टाकी तशीही हवीच होती. पाचशेची काढून हजार लिटरची बसवली. शॉवर होता तसाच.

होणारच होता. दाब टाकीत पाणी किती आहे यावर ठरत नाही, ते किती उंचावर आहे यावर ठरतो. १० मीटर उंचीचं पाणी साधारण १ बार (दाब मोजायचं एकक) दाब देतं. आमच्याकडे शॉवर फरशीपासून ७ फुटांवर, स्लॅब १० फुटांवर आणि टाकी विटांच्या ओट्यावर. टाकी काठोकाठ भरली तरी पाणी शॉवरच्या वर जेमतेम ७ फूट, म्हणजे ०.२ बार. दुकानात चमकणारे मोठ्या चकतीचे बरेच शॉवर १ बारच्या आसपास दाब धरून बनवलेले असतात. तेवढा हवा तर टाकी तीन मजले वर चढवावी लागेल. खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूंना मात्र आणखी १० फूट फुकट मिळतात. त्यांचा शॉवर धो धो, आणि घरमालक वर बादली-तांब्यावर!

मग टाकीखाली ६ फुटी लोखंडी स्टँड लावला तर? दाब जवळपास दुप्पट होईल, पण पाणी दुप्पट येणार नाही. पाण्याचा वेग दाबाच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणून फार तर १.४ पट. उलट अर्धा इंची पाइपाच्या जागी पाऊण इंची टाकला, तर तेवढ्याच उंचीवरून पाइप अडीच पटीहून जास्त पाणी वाहू शकतो. पैसे घालायचेच असतील तर तिथे घालावेत.

गिझरकडून येणारा जुना जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप कापून बघितला. आत गंजाचे फोड, त्यावर पांढरा थर, आणि मधल्या भोकातून पेन्सिलही जाईना. आम्ही टंचाईत बोअरचं पाणी टाकीत सोडतो, त्याचा हा प्रताप. जड पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. पाणी तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि खाली उरतो कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूचाच भाऊ. शॉवरच्या भोकांवर जमतं ते हेच. चकती काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा. बुडबुडे दिसले की समजा थर सुटतोय. संडासाचं ॲसिड लावू नका, चकाकी जाते.

आता जोडकाम. पूर्वी आट्यांवर सूत गुंडाळून सफेदा फासायचे. सूत ओलं झालं की फुगतं आणि फट बुजवतं. सोलापुरात सुताला काय तोटा! आता त्या जागी टेफ्लॉन टेप आली. ही गुंडाळायची ती आटे आवळण्याच्या दिशेनेच, नाहीतर पाना फिरवताना सगळी गोळा होऊन बाहेर येते. पण तिची खरी खोड वेगळी. टेफ्लॉन इतकं गुळगुळीत, की आटे घट्ट झाल्याचं हाताला कळतच नाही. मी पाना "अजून एकदा" फिरवला. आटे पुढे निमुळते होत आलेले, पाचरीसारखे आत घुसले आणि भिंतीतला सीपीव्हीसीचा (गरम पाण्याला चालणाऱ्या प्लास्टिकचा) एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, टचकन फुटला. त्यापायी दोन टाइल्स गेल्या. नवा एल्बो आतून पितळी आट्यांचा घेतला. हाताने बसेल तेवढं बसवायचं, मग पान्याने एक-दीड फेरा, बस्स.

सगळं जमलं आणि शॉवर सोडला, तर थेंब नाही. टाकी आदल्या दिवशी कोरडी पडली होती. गच्चीच्या कठड्यावरून पाइप जिथे वर चढून खाली उतरतो, तिथे हवा अडकली होती. ही हवा उतरत्या पाइपात जेवढे फूट जागा अडवते, तेवढी उंची आपल्या ७ फुटांतून वजा होते, कारण हवेला पाण्यासारखं वजनच नसतं. वर टाकीचा कॉक उघडा ठेवला, खाली शॉवरची चकती काढली आणि महापालिकेचं पाणी आलं तेव्हा त्या नळाची रबरी नळी तिथे दाबून धरली. टाकीत गुडगुड आवाज आला. नळी काढली तसा शॉवरचा पाइप दोनदा खोकला, तांबूस पाणी ओकला आणि वाहू लागला.