यजमान, होम आणि न्यूट्रल: इंडियानातल्या शाळांच्या जिमची पार्श्वभूमी

फेब्रुवारी संपत आला की अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात शाळकरी मुलांच्या राज्य बास्केटबॉल स्पर्धेचे सेक्शनल, म्हणजे विभागवार पहिल्या फेरीचे, सामने सुरू होतात आणि त्यांच्याबरोबर एक जुनी तक्रारही: ज्यांच्या जिममध्ये सामने, त्यांचंच फावतं. (जिम म्हणजे इथे डंबेल्सची खोली नव्हे. लाकडी फरशीचं बंदिस्त कोर्ट आणि भोवती बाकांच्या रांगा.) तक्रारीत तथ्य आहे. पण शाळांनी एवढाल्या जिम बांधल्या कशासाठी, हे पाहिल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही.

पहिली राज्य स्पर्धा 1911 मध्ये ब्लूमिंग्टनला विद्यापीठाच्या आवारात झाली. 12 संघ आले आणि अंतिम सामन्यात क्रॉफर्ड्सव्हिलने लेबनॉनला 24-17 असं हरवलं. संघ वाढत गेले, एका जागी मावेनात, म्हणून 1915 पासून आधी सेक्शनल फेरी सुरू झाली. गावोगावच्या शाळा स्पर्धेच्या यजमान झाल्या त्या इथून.

यजमानपद मिळवायचं तर बसायला जागा हवी. ते मिळालं की तिकिटांच्या पैशात वाटा, गावातल्या दुकानांना गिऱ्हाईक आणि आपल्या पोरांना बर्फातून दुसऱ्याच्या दारी न्यायची कटकट नाही. मार्टिन्सव्हिलने 1924 मध्ये अख्खं गाव बसवता येईल अशी जिम उभी केली, सुमारे 5,000 जागांची. मग चढाओढच लागली. मन्सीचं फील्डहाउस (म्हणजे अशीच मोठी जिम) 1928 चं, न्यू कॅसलचं 1959 चं, तेही 9,325 जागांचं. 1961 मध्ये अँडरसनने जवळपास 9,000 लोकांचं ‘विगवॉम’ बांधलं. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या शालेय जिमपैकी बहुतेक या एकाच राज्यात आहेत त्या या चढाओढीमुळे. मुलांच्या शिक्षणासाठी त्या लागत होत्या, असं कुणी म्हणू नये.

आता शब्दांचा गुंता. ‘यजमान’, ‘होम’ आणि ‘न्यूट्रल’ हे तीन शब्द लोक सर्रास एकमेकांत मिसळतात. सेक्शनलची यजमान शाळा बहुधा स्वतःही त्याच सेक्शनलमध्ये खेळते. पण कागदावरची ‘होम’ टीम ती असेलच असं नाही. सामन्यापुरती होम टीम कोण, हे ड्रॉमधल्या जागेवरून ठरतं, आणि शालेय नियमांनुसार होम टीमने पांढरी जर्सी घालायची असते. त्यामुळे स्वतःच्या जिममध्ये, स्वतःच्या रिंगखाली, स्वतःच्या गावासमोर यजमान पोरं पाहुण्यांच्या गडद जर्सीत उतरलेली दिसतात. कागदावर पाहुणे म्हणून कोर्ट न्यूट्रल होतं थोडंच! रोजच्या सरावाची फरशी पायाखाली असते, रिंगमागचा उजेड कसा पडतो ते डोळ्यांत बसलेलं असतं. कोर्टाचं माप सगळीकडे 84 बाय 50 फूट असलं, तरी बास्केटमागे भिंत किती जवळ आहे, यावर नवख्या शूटरचा अंदाज चुकतो. यजमानपद आलटूनपालटून द्या, ही मागणी यातूनच येते. तिला उत्तरही ठरलेलं: फिरवायला तेवढी मोठी दुसरी जिम आहे कुठे? म्हणजे ज्याने आधी बांधली, तोच यजमान राहतो. खऱ्या अर्थाने न्यूट्रल जागा शेवटच्या टप्प्यात मिळत असे. 1928 पासून 1971 पर्यंत, युद्धकाळातली तीन वर्षं सोडली, तर अंतिम सामने इंडियानापोलिसमधल्या एका विद्यापीठाच्या फील्डहाउसमध्ये होत. 161 विद्यार्थ्यांच्या मायलनने 1954 मध्ये मन्सी सेंट्रलला 32-30 असं नमवलं ते तिथेच. शेवटच्या क्षणांतला तो विजयी बास्केट मन्सीच्या स्वतःच्या जिममध्ये पडला असता का, यावर वाद घालायला कुणालाही मोकळीक आहे.

मायलन जिंकलं त्या वर्षी स्पर्धेत 751 शाळा होत्या. 1997 मध्ये उरल्या 382. मधल्या काळात खेड्यापाड्यांतल्या छोट्या शाळा एकमेकींत विलीन झाल्या. विलीनीकरणाला जोर देणारा कायदा 1959 चा, आणि न्यू कॅसलची ती अवाढव्य जिम उघडली तीही 1959 मध्येच. अँडरसनची तर त्यानंतर दोन वर्षांनी. सर्वांत मोठ्या जिम तयार झाल्या तेव्हा त्या भरणाऱ्या शाळांची संख्या उतरणीला लागली होती.

तरीही माणसं येत राहिली. 1990 च्या अंतिम सामन्याला इंडियानापोलिसच्या डोममध्ये, म्हणजे छत असलेल्या स्टेडियममध्ये, 41,046 प्रेक्षक होते. मग 1997 मध्ये सर्वांची एकच स्पर्धा बंद झाली आणि 1998 पासून विद्यार्थिसंख्येनुसार चार गट आले. छोट्या शाळांना जिंकायची संधी हवी, हा युक्तिवाद खोटा नव्हता. पण जागांवर काय परिणाम होईल, याचा विचार फारसा झालेला दिसत नाही. सेक्शनल आधीही 64 होते, नंतरही 64 राहिले, फक्त प्रत्येक गटाच्या वाट्याला 16 आले. म्हणजे एका सेक्शनलचा परिसर पसरला. शेजारच्या गावाशी वर्षानुवर्षांची खुन्नस असलेला संघ वेगळ्या गटात गेला आणि त्याच्या जागी तासभर गाडी हाकत येणारी, कुणाशी वैर ना दोस्ती अशी शाळा आली. अशा सामन्याला 9,000 माणसं कुठून आणायची? छोट्या गटांना छोटी जिम पुरते. मोठीचं छप्पर, हीटिंग आणि विमा मात्र बाकं भरली म्हणून वाढत नाही, रिकामी राहिली म्हणून कमी होत नाही.

2011 मध्ये हा खर्च झेपेना म्हणून विगवॉमला कुलूप लागलं आणि अँडरसनची पोरं शहरातल्या दुसऱ्या जिममध्ये खेळायला गेली. न्यू कॅसलची जिम अजून चालू आहे. तिथलं कोर्ट जमिनीच्या पातळीखाली आहे. दारातून आत पाऊल टाकलं की आपण सर्वांत वरच्या रांगेपाशी असतो आणि सगळी बाकं उतरत खाली गेलेली दिसतात.